अवकाश इल्ल!

“ईग अवकाश इल्ल, सर,” शाळेच्या फाटकातला पोरगा म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या पाठीमागे पाहिलं. मैदानात राखाडी कापडाचा भलामोठा फुगा डुलत उभा होता. फाटकाला बांधलेल्या बॅनरवर रॉकेट होतं, चंद्र होता आणि काचेची टोपी घातलेला एक माणूस हात हलवत होता. माणसाने अवकाशात आजवर काय काय उद्योग केले, ते त्या घुमटात आडवं पडून चहूबाजूंनी पाहायचं, असा तो खेळ. आणि हा म्हणतो आत्ता अवकाश नाही. संपलं की काय?

“मामा, चान्स नाही म्हणतोय तो,” भाचा म्हणाला. “आत शो चालू आहे. पुढचा साडेचारला.”

भालकीत जन्म गेला तरी माझं कन्नड बसस्टँडच्या कुंपणाबाहेर पडलेलं नाही. गाडी कुठली, किती वाजता, सुटे नाहीत, एवढ्यावर माझं भागतं. त्यात ही दोन्ही भाषांत सापडणारी शब्दांची जात फार घातकी. कन्नडात अवकाश म्हणजे संधी. हिंदीत अवकाश म्हणजे सुट्टी. मराठीत ती डोक्यावरची पोकळी, नाहीतर ‘जेवायला अजून अवकाश आहे’ मधला उशीर. बरं, संधीला हिंदीत अवसर म्हणावं, तर कन्नडात अवसर म्हणजे घाई. तेव्हा आमच्याकडच्या माणसाला कुणी नुसतं ‘अवकाश इल्ल’ म्हणालं, तर त्याला संधी नाही, सुट्टी नाही आणि उभं राहायला जागाही नाही, असे तिन्ही अर्थ एकदम लागतात. आणि बहुतेक वेळा तिन्ही खरे निघतात.

अवकाशयानांना कक्षा बदलताना इंधन जाळावं लागतं म्हणे. आम्ही काडीही न जाळता कक्षा बदलत आलोय. माझी आजी निजामाच्या राज्यात जन्मली, १९४८ च्या सप्टेंबरात भारतात आली, १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात गेली आणि १९७३ ला कर्नाटकात पोचली. हा सगळा प्रवास तिने एकाच घरात, एकाच चुलीपुढे बसून केला. तिच्या माघारी २०१४ ला गुलबर्ग्याची कलबुर्गी झाली, २०१९ ला हैदराबाद-कर्नाटकाचं कल्याण कर्नाटक झालं. पृथ्वी फिरते पण आपल्याला कळत नाही, हे आमच्या शाळेत कुणाला समजावून सांगावंच लागत नसे.

तर साडेचारचं तिकीट काढून आम्ही चौघं आत गेलो. मी, आमची मंडळी, सातवीतला भाचा आणि आत्या. आत्या आळंदकडची. संक्रांतीला म्हणून भालकीला आलेली, आणि वय बहात्तर असलं तरी ‘घरी एकटी बसून काय करू’ या एका वाक्यावर कुठेही यायला तयार.

तिने फुग्याला एक चक्कर मारली. बुडाशी कूलरएवढा पंखा घों घों करत हवा आत भरत होता. कापड मध्येच ताणायचं, मध्येच सैल पडायचं.

“भाकरी झकास फुगलीय,” आत्या म्हणाली. “पण ह्या अंगानं पापुद्रा सुटलाय बघ.”

शिवण एका जागी उसवली होती खरी. तिथून वारा सुटला होता.

“चप्पली इल्ले बिडि,” पोरगा म्हणाला. हे मात्र मला कळलं. चपला इथेच सोडा. आणि ते कळल्याबरोबर आमच्या मंडळींनी, भाच्याने आणि आत्याने एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं.

प्रत्येक घरात एक माणूस चपला सांभाळण्यासाठी जन्माला येतो. आमच्या घरात तो मी. गाणगापूरला मी तीनदा गेलोय आणि तिन्ही वेळा दत्तमहाराजांच्या पादुका सोडून आमच्याच पादुकांपाशी बसून परत आलोय. तुळजापूरला तेच, कलबुर्गीला बंदेनवाजांच्या दर्ग्यातही तेच. लोक तीर्थक्षेत्रं उंबऱ्याच्या आतून ओळखतात, मी बाहेरून ओळखतो. कुठल्या देवळाच्या पायरीवर दुपारी सावली येते, ते मला विचारा.

म्हणून त्या चंद्रावरच्या गोष्टीत मला पहिल्यापासून मायकल कॉलिन्स जवळचा. आर्मस्ट्राँग आणि आल्ड्रिन खाली उतरले, झेंडा लावला, साडेएकवीस किलो दगडमाती गोळा केली. हा बिचारा वर यान घेऊन घिरट्या घालत राहिला. चार लाख किलोमीटर जाऊन शेवटच्या शंभरसाठी ‘तू थांब, आम्ही बघून येतो.’ प्रत्येक फेरीत चंद्राच्या मागे गेला की अठ्ठेचाळीस मिनिटं पृथ्वीशी बोलणंही बंद. जगातल्या सगळ्या माणसांपासून तुटलेला एकटा माणूस, असं त्याचं वर्णन लोक हळहळून करतात. मला त्यात हळहळण्यासारखं काही वाटत नाही. अठ्ठेचाळीस मिनिटं कुणी काही विचारत नाही! आमच्याकडे यासाठी लोक हिमालयात जातात.

तर ते तिघं रांगत आत गेले आणि मी सुमारे तीस जोडांपाशी बसलो. आपल्या चपला सांभाळायला माणूस बसलेला दिसला की बाकीचे लोकही आपापले जोड त्याच्याच पुढ्यात सोडतात. पगार नाही, पण पद मोठं.

बाहेरून पाहिलेल्या त्या खेळाचं वर्णन माझ्याशिवाय कुणी लिहिलं असेल असं वाटत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. आधी आतून धीरगंभीर कन्नड आवाज आला, लग्नात माईक मिळालेल्या शिक्षकाचा असतो तसा. मग ‘बीप, बीप’. हे स्पुटनिक. ४ ऑक्टोबर १९५७, त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी किलोचा गोळा. म्हणजे एक चांगला खाल्ल्यापिल्ल्या घरचा जावई. तेवढ्या वजनाने सगळी अमेरिका हवालदिल झाली होती. मग ‘ऐदु, नाल्कु, मूरु, एरडु, ओंदु’ असे उलटे आकडे. कंडक्टरच्या कृपेने तेवढे मला येतात. पाठोपाठ गडगडाट, पोरांच्या किंकाळ्या, आणि घुमटाला बाहेरून दिसतील अशी टेंगळं. आत पोरं आनंदाने लाथा झाडत होती.

बसल्या बसल्या मला फिरोजशहा बहमनी आठवला. हा गुलबर्ग्याचा सुलतान, ग्रहताऱ्यांचा मोठा शौकीन. त्याने १४०७ साली दौलताबादच्या घाटात वेधशाळा बांधायला काढली. कामावरचा जाणकार हकीम मध्येच वारला आणि वेधशाळा अर्धवट राहिली ती राहिलीच. आमच्याकडची अर्धवट कामं लोक उगाच अलीकडच्या राजवटींच्या नावावर घालतात. सहाशे वर्षांची परंपरा आहे.

एवढ्यात आतल्या आवाजात एक ओळखीचा शब्द आला, ‘लायका’. आणि त्याच क्षणी, म्हणजे मी शपथेवर सांगतो की त्याच क्षणी, शाळेच्या मागच्या बाजूने एक तांबडं कुत्रं शांतपणे चालत आलं, त्याने तीसच्या तीस जोडांचा वास घेतला, आणि आत्याची निळ्या पट्ट्याची डावी चप्पल तोंडात धरून ते तितक्याच शांतपणे निघालं.

मी उठलो. मग थांबलो. कुत्र्यामागे पळावं, तर एकोणतीस जोड उघड्यावर पडतात. बसून राहावं, तर आत्याची चप्पल जाते. असल्या पेचासाठी ह्यूस्टनला शंभर माणसं बसवलेली असतात, माझ्याकडे कुणी नव्हतं. “हाड! हाड!” एवढंच मी जागेवरून करू शकलो. कुत्र्याने मागे वळूनही पाहिलं नाही. मैदानाच्या कडेला तुराट्यांचा ढीग होता, त्यामागे ते दिसेनासं झालं.

आतमध्ये त्या दुसऱ्या कुत्रीची गोष्ट चालली होती. तीही मॉस्कोच्या रस्त्यावरची भटकीच. ३ नोव्हेंबर १९५७ ला तिला वर पाठवली. परत आणायची सोय मुळात केलेलीच नव्हती. काही तासांतच ती आतल्या उकाड्याने गेली, हे जगाला २००२ साली कळलं. एका चपलेने तो हिशेब फिटणार नाही हे मलाही कळतं. पण तांबड्याच्या मागे न धावण्याचं कारण म्हणून मी ते मनाशी धरून ठेवलं.

खेळ संपला. बोगद्यातून एकेक डोकं बाहेर येऊ लागलं. मी उरलेली निळी चप्पल पायाने मागे सारली आणि आत्याला काय सांगायचं याची जुळवाजुळव करू लागलो. पण आत्याचं लक्ष पायांकडे नव्हतंच. ती रांगत बाहेर आली, उभी राहिली, पदर झटकला आणि फाटकातल्या पोराच्या दिशेने अनवाणी तरातरा निघाली.

“काय झालं?” मी मंडळींना विचारलं.

“अहो, चिडल्यात. त्यांचं काहीतरी दाखवलं नाही म्हणे.”

“त्यांचं काय?”

“सॅटेलाईट.”

आत्या पोरासमोर उभी राहून कन्नडात बोलत होती. आत्याचं कन्नड ऐकण्यासारखं असतं. आळंदच्या बाजारात वांगी घेतानाही ती कृषी अधिकाऱ्यासारखी बोलते. वाक्य पूर्ण, शब्द पुस्तकी, मध्ये थांबायची जागासुद्धा बातम्यांतल्यासारखी. समोरचा भाजीवाला आपोआप सावरून उभा राहतो. हा पोरगाही राहिला. तो नुसता “हौदु अव्वा, हौदु अव्वा” करत होता.

हे कन्नड तिला शिकवलं ते सासूने नाही, शेजारणीने नाही, शाळेने तर नाहीच. ते तिला अमेरिकेच्या उपग्रहाने शिकवलं.

गोष्ट अशी. १९७४ ला आत्याचं लग्न होऊन ती गुलबर्गा जिल्ह्यात गेली. सासरच्या घरात मराठी, घराबाहेर कन्नड, आणि नव्या सुनेला घराबाहेर पडायला, दोन्ही भाषांत, अवकाश नाही. पुढच्या वर्षी भारत सरकारने अमेरिकेकडून एक उपग्रह वर्षभरासाठी उसना घेतला. त्याचं नाव एटीएस-६. आफ्रिकेच्या डोक्यावर छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर तो आणून ठेवला आणि त्याच्यावरून थेट खेड्यांत टीव्ही दाखवायचा प्रयोग सुरू झाला. १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत. सहा राज्यांतली मिळून २४०० खेडी त्यासाठी निवडली होती. कर्नाटकातले जिल्हे कोणते? गुलबर्गा, विजापूर आणि रायचूर. बंगळूर नाही, म्हैसूर नाही. महाराष्ट्रातलं तर एकही गाव नाही! सोलापूरला टीव्ही म्हणजे काय ते माहीत नव्हतं तेव्हा आत्याच्या गावात आकाशातून चित्रं पडत होती. अक्कलकोटकडचे तिचे पाव्हणे संध्याकाळी मुद्दाम सायकली मारत यायचे आणि ‘सहज आलो होतो’ म्हणायचे.

शाळेच्या छपरावर दहा फुटांची जाळीची छत्री बसवली होती. “कोंबड्यांच्या खुराड्याला असती ना, अगदी तस्सली जाळी,” आत्या सांगते, आणि ते खरंच आहे. साध्या कोंबडजाळीवर भागवायचं, हीच त्या लोकांची हुशारी होती. हैदराबादेत बनलेला टीव्हीचा डबा. सकाळी दीड तास पोरांसाठी, संध्याकाळी अडीच तास गावासाठी. पुढे पोरं, मागे बायका, त्यामागे पुरुष, आणि सगळ्यांत मागे, ज्यांना टीव्हीत रस नाही असं दाखवायचं असतं ते प्रतिष्ठित लोक, खांबाला टेकून. विषय कसले? पेरणी, खत, म्हशीचा आजार, बाळाला जुलाब झाले तर काय द्यावं, पाळणा कसा लांबवावा. हा शेवटचा विषय लागला की सासवा सुनांकडे बघायच्या आणि सुना छताकडे. उपग्रहाला एका चित्रासोबत दोन आवाज पाठवता येत. आमच्या वाट्याला कन्नड, पलीकडे आंध्रातल्या खेड्यांना तेलुगू. मराठी आवाज नव्हता. तेव्हा आत्या वर्षभर रोज संध्याकाळी कन्नड ऐकत बसली आणि वर्ष संपता संपता गावातल्या कन्नड माणसांपेक्षा शुद्ध कन्नड बोलू लागली. घराबाहेर पडायचं कारणही तिला आयतंच मिळालं. सरकारने आकाशातून बोलावल्यावर सासू काय म्हणणार?

असल्या उपग्रहांची कल्पना ज्या आर्थर क्लार्कने १९४५ सालीच मांडून ठेवली होती, त्याच्या कोलंबोतल्या घरावरही आपल्या इस्रोने असलीच एक छत्री बसवून दिली होती. म्हणजे त्या वर्षी क्लार्कसाहेब आणि आमची आत्या एकाच उपग्रहाखाली बसून म्हशीचे आजार पाहत होते. तो बघत होता की नाही ते सोडा, सोय होती.

३१ जुलैला प्रयोग संपला आणि उपग्रह अमेरिकेला परत गेला. आकाशात ढकलत ढकलत नेला त्यांनी. “वर्षभर राह्यला, जाताना सांगून गेला, एवढं तर पाव्हणेसुद्धा करत न्हाईत,” आत्याचं मत. पुढे १९७७ ला गुलबर्ग्याला दूरदर्शनचं केंद्र झालं, टॉवर लागला, पण तो जमिनीवरचा. त्याला ती सर नाही. आणि छपरावरची ती जाळी? आत्याचा धाकटा दीर ती एका रात्री उतरवून घेऊन गेला आणि त्याने तिचं खुराडं केलं. जाळी आपल्या मूळ कामावर रुजू झाली.

आता हे सगळं त्या घुमटातल्या खेळात नव्हतं. रशिया होता, अमेरिका होती, आर्यभट्ट होता, चांद्रयान होतं, पण आत्याचा उपग्रह नव्हता. ज्या जिल्ह्यात अवकाश खरोखर उतरलं होतं, त्याच्या शेजारच्या जिल्ह्यात तंबू ठोकून हा इतिहास सांगायचा आणि आत्याचा उल्लेख नाही! तिने पोराला हे स्वच्छ कन्नडात, तारखांसह सुनावलं. पोरगा बिचारा तेव्हा जन्मलाही नव्हता, बहुधा त्याचा बापही लंगोटात असेल. त्याने हात जोडले आणि पुढचा खेळ अव्वाला फुकट दाखवायचं कबूल केलं.

“मी आत जाऊन परत एकदा नीट बघते,” आत्या म्हणाली. “कुठं तरी कोपऱ्यात दाखवलं असंल. आणि तूपण चल. तुला कळत न्हाई त्यातलं, मी सांगते.”

चपलांपाशी भाच्याला बसवलं. कॉलिन्सची गादी मी अशी पुढच्या पिढीकडे सोपवली आणि कधी नव्हे ते उंबऱ्याच्या आत गेलो.

आत आधी वास लागतो. दिवसभर पाचशे मोज्यांनी घडवलेला. मग उकाडा. मग अंधारात कुणाच्या तरी पोटरीवर आपला गुडघा पडतो, “अय्यो” ऐकू येतं, आणि आपण आपल्या जागी पोचल्याचं कळतं. कडेला एका खोक्यावर प्रोजेक्टर, आणि त्याच्यापुढे घाटातल्या वळणावर लावतात तसला फुगीर आरसा. प्रोजेक्टर उजेड टाकतो आरशावर, आरसा तो उधळतो घुमटभर. एवढंच यंत्र. मला एकदम अष्टूरचा घुमट आठवला. बिदरजवळ अहमदशहा वलीची कबर आहे, तिचं छत आतून पंधराव्या शतकातल्या रंगांनी गच्च भरलेलं. आम्ही गेलो तेव्हा आत मिट्ट काळोख होता. तिथल्या म्हाताऱ्या राखणदाराने दारात उन्हात उभं राहून हातातल्या आरशाने उजेडाचा एक तुकडा आत फेकला, आणि तो फिरवत फिरवत छतावरचं सोनं, शेंदरी, निळा असं एकेक दाखवत गेला. त्याच्याकडे वीज नव्हती, खोकं नव्हतं, आणि शिवणही उसवलेली नव्हती.

इथे मात्र आकाशगंगा सुरू झाली ती मधोमध शिवण घेऊनच. गुरूवरून चेन गेली होती. तरी खोटं कशाला बोलू, तारे फिरू लागले तेव्हा मी शेजारच्या अनोळखी गृहस्थाचा हात घट्ट धरला. जमीन स्थिर आहे हे पाठीला कळत होतं, पोटाला कळत नव्हतं. त्यांनीही माझा धरला होता, म्हणून मी काढला नाही.

आत्या कानात मराठीतून बोलत होती.

“हा बघ गागारीन. एकशे आठ मिनिटांत पृथ्वीला चक्कर. बसनं भालकीहून बिदरला जाऊन यायलासुद्धा ह्याच्याहून जास्ती लागतंय.” मग गागारीन पॅराशूटने उतरला. नारिंगी पोशाख, पांढरं शिरस्त्राण. समोर बटाट्याच्या शेतात एक बाई आणि तिची नात. दोघी घाबरून मागे सरल्या, तेव्हा हा म्हणाला की घाबरू नका, मी आपलाच माणूस, आणि मला फोन करायचाय. १२ एप्रिल १९६१. अवकाशात जाऊन आलेला पहिला माणूस जमिनीवर येऊन पहिली गोष्ट काय मागतो, तर फोन.

“बटाटे तुडवले असतील की रे,” आत्या म्हणाली. “तिला भरपाई दिली का ते न्हाई सांगत.”

मग थुंबा आलं. केरळातल्या त्या मासेमारांच्या गावात चर्चमध्ये ऑफिस, सायकलच्या कॅरिअरवर रॉकेटचा भाग, आणि नोव्हेंबर १९६३ मध्ये पहिलं उड्डाण. मग ॲपल नावाचा उपग्रह, १९८१ चा, बैलगाडीत ठेवलेला. भोवताली धातू नसलेली गाडी चाचणीसाठी हवी होती, म्हणून बैलगाडी. घुमटभर बैलगाडी पसरली आणि इतका वेळ चिडीचूप असलेला आमचा तालुका एकदम जागा झाला. चंद्रापेक्षा त्या बैलांवर जास्त चर्चा झाली. जोडी खिल्लारी की देवणी यावर मागे दोघांत वाद सुरू झाला, तो आर्मस्ट्राँगची वेळ आली तरी मिटला नव्हता. (अनुक्रमाने आर्मस्ट्राँग आधी यायला हवा होता. पण खेळ करणाऱ्यांनी आधी परदेश, मग भारत, मग पुन्हा परदेश अशी सोयीची मांडणी केली होती. आमच्या सहलींसारखीच.)

चंद्रावर पहिलं पाऊल पडलं तेव्हा आपल्याकडे सोमवार होता, २१ जुलै १९६९, सकाळचे आठ वाजून सव्वीस मिनिटं. मी ते आत्याला सांगितलं.

“सोमवारी साडेआठला?” तिने विचार केला. “मग मी इथंच भालकीत, आडावर भांडी घासत असणार. वर बघितलं असतं तर...” मग थोडा वेळ ती काही बोलली नाही.

कॉलिन्स दोन सेकंद दिसला. मी टाळी वाजवली. एकट्यानेच.

आणि शेवटी चांद्रयान-३. २३ ऑगस्ट २०२३, संध्याकाळचे सहा. विक्रम खाली येतोय, घुमटभर चंद्र, राखाडी, खड्ड्याखड्ड्यांचा, धीरगंभीर आवाज उंची सांगतोय. शेजारच्या गृहस्थाने माझा हात पुन्हा धरला. आणि वीज गेली.

प्रोजेक्टर बॅटरीवर होता, तो चालू राहिला. पंखा बॅटरीवर नव्हता. त्यामुळे जे झालं ते अमेरिका, रशिया, चीन कुणालाच आजवर जमलेलं नाही. यान होतं तिथेच राहिलं आणि चंद्र खाली उतरू लागला. हळूहळू, सुरकुत्या पडत, एका बाजूने कलंडत, खड्ड्यांसकट तो आमच्या अंगावर यायला लागला. आवाज सांगत होता की सर्व काही ठरल्याप्रमाणे चाललंय.

“कै मेले! कै मेले!” अंधारातून पोरगा ओरडला. हात वर करा. तीस माणसं उताणी पडल्या पडल्या हात वर करून चंद्र तोलू लागली. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसत सुटले, आणि हसण्याने हात लटपटू लागले तसा चंद्र आणखी खाली आला. देवणीवाले आणि खिल्लारीवाले खांद्याला खांदा लावून एकच खड्डा पेलत होते. माझ्या तोंडावर काहीतरी आलं, ती पृथ्वी होती असं नंतर कळलं.

“हे बघ,” शेजारून आत्याचा आवाज आला. तिने उजवा तळवा सपाट करून विक्रमच्या पायांखाली धरला होता आणि यानाचा उजेड तिच्या बांगड्यांवर पडला होता. “दक्षिण ध्रुव माझ्या हातावर हाय. उतरंना झालंय का ते विचार त्याला, हात दुखतोय.”

रांगत बाहेर आलो तेव्हा अंधारून आलं होतं. भाकरी पार बसली होती. पोरगा पंख्यापाशी बसून कुणाला तरी फोन करत होता, आणि भाचा एकसष्ट चपलांपाशी इमानाने बसला होता.

“आज्जी, तुझी एकच आहे,” त्याने पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. कॉलिन्स होण्यासाठी लागणारं मौन अजून त्याच्या अंगी नाही.

मी सगळं सांगितलं. तांबडं कुत्रं, लायका, तुराट्या, माझा नाइलाज. आत्या ऐकत उभी राहिली. मग तिला बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, “आत्या, आर्मस्ट्राँग आणि आल्ड्रिनसुद्धा बुटांवर घालायचे जोड चंद्रावरच टाकून आले. ओझं नको म्हणून. अजून तिथंच पडलेत.”

“त्यांचे सरकारी होते,” आत्या म्हणाली, माझ्या चपलांत पाय घातले आणि फटक फटक करत फाटकाकडे निघाली.